बोल्टचं .२२ टार्गेट पिस्तूल अडलं, रुसलं, चुकलं तर: नाशिकच्या नेमबाजांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये हवेच्या पिस्तुलावर हात बसवणारी पोरं पुष्कळ आहेत. पॉइंट टू टूचं बोल्टवालं (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा असलेलं) पिस्तूल घेऊन पन्नास मीटरच्या लाइनवर उभे राहणारे मात्र मोजके. त्यामुळे पिस्तूल रुसलं की विचारायला माणूस सापडत नाही आणि मग जो तो आपापल्या परीने स्क्रू पिळतो. गेल्या काही वर्षांत रेंजवर, चहाच्या टपरीवर आणि रात्री अकरा वाजता फोनवर जे प्रश्न आले, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं नेमबाजाच्या हातात जेवढं आहे तेवढ्यापुरतीच. गनस्मिथचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराचं काम कुठे सुरू होतं, तेही जागोजागी सांगितलं आहे.

आपण नेमक्या कोणत्या पिस्तुलाबद्दल बोलतोय?

फ्री पिस्टल म्हणजे ५० मीटरच्या प्रकारात वापरतात ते .२२ लाँग रायफल काडतुसाचं, एका वेळी एकच गोळी भरायचं पिस्तूल. मॅगझिन नाही. बोल्ट उघडायचा, काडतूस बोटाने ठेवायचं, बोल्ट बंद करायचा, मारायचं. सामन्यात हे साठ वेळा. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ ५ सेंटिमीटरचं आणि ते पन्नास मीटरवर, म्हणजे पिस्तुलाचा छोटासा आजारही कागदावर लगेच दिसतो.

हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये शेवटचा खेळला गेला २०१६ साली रिओत. आपल्या जीतू रायने याच प्रकारात २०१४ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य आणि त्याच वर्षी आशियाई खेळांत सुवर्ण मिळवलं होतं. ऑलिम्पिकमधून गेला म्हणून प्रकार मेला नाही, पण नवी पिस्तुलं कमी येतात आणि जुनी हातोहात फिरतात. बिघाडाचे प्रश्न वाढण्याचं हे मोठं कारण.

तुमच्याकडे रशियन टोझ-३५ असेल तर त्यात बोल्ट नाही, खाली झुकणारा ब्लॉक आहे. पुढचं बरंचसं त्यालाही लागू पडेल, बोल्टविषयीचं सोडून.

काहीही बिघडलं तर सगळ्यात आधी काय करायचं?

काहीच नाही. नळीचं तोंड लक्ष्याकडे तसंच ठेवायचं, बोट ट्रिगरवरून काढायचं आणि थांबायचं. पिस्तूल हातात घेऊन "बघा ना, हे काय झालं" म्हणत मागे वळणारा माणूस मी पाहिलेला आहे. अख्खी लाइन खाली बसली होती.

मग रेंज ऑफिसरला सांगायचं. पिस्तूल रिकामं झालं, बोल्ट उघडा राहिला आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेत) नारिंगी सेफ्टी फ्लॅग गेला की मगच टेबलावर ठेवून तपासायचं. घरी तपासणार असाल तर काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत.

ट्रिगर दाबला, 'टक्' झालं, गोळी सुटली नाही. पिन गेली का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. पिन, म्हणजे काडतुसावर आपटून ते पेटवणारी सुई, जाते, पण सहसा ती शेवटची संशयित असते.

आधी सुरक्षा. 'टक्' झाल्यावर पिस्तूल लक्ष्याकडे धरून तीस सेकंद मोजा. काडतूस क्वचित उशिराने पेटतं, आणि नेमका तेव्हाच बोल्ट उघडा असला तर पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) चेहऱ्यावर येते. तीस सेकंदांनी स्वतःचा चेहरा बाजूला ठेवून बोल्ट उघडा.

आता ते काडतूस फेकू नका. ते तुमचा साक्षीदार आहे. पॉइंट टू टू हे रिमफायर काडतूस. म्हणजे पेट घेणारा मसाला मध्यभागी नसतो, तो तळाच्या रिमच्या (कडेच्या) आतल्या पोकळीत गोल फिरवून बसवलेला असतो. पिन रिमला चेपते, मसाला चिरडला जातो, ठिणगी पडते. म्हणून रिमवरचा ठसा वाचता आला की अर्धं निदान झालं. त्याच पिस्तुलातून नीट सुटलेल्या चार-पाच पुंगळ्या शेजारी ठेवा आणि भिंगातून बघा.

ठसा बाकीच्यांसारखाच खोल असेल तर दोष काडतुसाचा. रिममध्ये त्या जागी मसाला पोचलेलाच नसतो. चांगल्या कंपनीच्या डब्यातही असा एखादा दाणा निघतो. रेंज ऑफिसरच्या परवानगीने तेच काडतूस अर्धं फिरवून पुन्हा लावलं, पिन दुसऱ्या जागी बसली आणि ते सुटलं, तर शंकाच नको. एका डब्यात असे तीन-चार निघाले तर डब्यावरचा लॉट नंबर (एकाच खेपेत बनलेल्या काडतुसांचा नंबर) लिहून ठेवा आणि तो लॉट सरावातूनसुद्धा बाजूला काढा.

ठसा उथळ असेल तर पिनच्या रस्त्यात काहीतरी आहे. दहातल्या आठ वेळा ते 'काहीतरी' म्हणजे तेल. बोल्टच्या आत पिन ज्या पोकळीत धावते तिथे घातलेलं तेल महिनोन्महिने साचतं, त्यात काजळी मिसळते आणि त्याचा चीक होतो. पिन त्या चिकातून पोहत जाते. उपाय म्हणजे पुस्तिकेत दाखवलेल्या पद्धतीने बोल्ट सुटा करून पोकळी आणि पिन सॉल्व्हंटने धुऊन पूर्ण कोरडी करायची आणि तेल घालायचंच नाही. फार तर स्प्रिंगवर बोटाला लागलेल्या तेलाचा पुसट हात. साफ करूनही ठसा उथळच राहिला, तर मग स्प्रिंग थकली असेल किंवा पिनचं टोक झिजलं असेल. तिथे तुमचं काम संपलं.

एकदा ठसा उथळ आणि त्याच काडतुसाला दुसऱ्यांदा मारलं की सुटतं, असं वारंवार होत असेल तर बोल्टकडे नको, चेंबरकडे बघा. चेंबरच्या तोंडाशी घाण असली की काडतूस पूर्ण आत बसत नाही. पिनचा पहिला फटका काडतूस पुढे ढकलण्यात खर्ची पडतो, दुसरा कामाला येतो. असल्या पिस्तुलाची स्प्रिंग बदलून काही होत नाही, पण बदललेल्या मी पाहिल्या आहेत.

आणि ठसाच नसेल? बोल्ट पूर्ण बंद झाला नव्हता, किंवा पिन मोडली आहे. किंवा काडतूस भरलंच नव्हतं. हसू नका, सामन्याच्या अडतिसाव्या गोळीला हे कोणाचंही होतं.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. एका डिसेंबरात माझं पिस्तूल दर दहा-बारा गोळ्यांमागे एक 'टक्' देऊ लागलं. मी लॉट बदलला, दुसऱ्याकडून स्प्रिंग मागवली, रात्री झोप उडाली. शेवटी कबूल करावं लागलं की दिवाळीत मीच प्रेमाने बोल्टमध्ये शिलाई मशीनचं तेल ओतलं होतं. एक जुना टूथब्रश आणि अर्धा तास, एवढाच तो आजार होता.

हे सगळं डिसेंबर-जानेवारीतच का होतं?

कारण आपण नाशिककर आहोत. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याची बातमी दर हिवाळ्यात येते आणि शहरातही सकाळी सातला रेंजवर बोटं वळत नाहीत. तेल थंडीत घट्ट होतं, पिनचा वेग मरतो. गोळीवरचं मेणही कडक होतं, त्यामुळे काडतूस चेंबरमध्ये बसायला जड जातं आणि गोळ्यांचा वेग कमीजास्त होऊन ग्रुप (लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका) वरखाली लांबतो.

काडतुसांचा डबा रात्रभर गाडीत ठेवू नका. सकाळी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. हीटरवर, उन्हात तापलेल्या बोनेटवर किंवा शेकोटीजवळ नाही. हे सांगावं लागतं, कारण एकाने केलं होतं.

या वेळी 'टक्' नाही, 'फुस्स' असा आवाज आला. पुढची गोळी मारून बघू?

नाही. अजिबात नाही.

हलका आवाज, कमी झटका, लक्ष्यावर भोक नाही, यातलं काहीही झालं तर गोळी नळीतच अडकली आहे असं धरून चाला. तिच्या मागून दुसरी सोडली तर नळी फुगते, कधी फुटते. नळी गेली म्हणजे पिस्तूल गेलं, आणि हात-डोळे वेगळेच. पिस्तूल रिकामं करा, रेंज ऑफिसरसमोर नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते बोल्टच्या बाजूने बघा. उजेड नसेल तर अडकलेली गोळी जाणकाराने पितळी किंवा कोट केलेल्या सळईने, नळीच्या मापाच्या टोकाने काढायची असते. छत्रीची काडी हे हत्यार नव्हे.

गोळी सुटते, पण रिकामी पुंगळी बाहेर येत नाही. बोल्ट उघडला की ती आतच.

पुंगळी ओढून आणतो तो एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे बोल्टच्या टोकाशी रिमला धरणारी छोटी नखी. तिच्या मागे काजळी, मेण आणि पितळेचा कीस साचून ती नीट मिटत नाही. लाकडी दातकोरणं घ्या, सॉल्व्हंटमध्ये बुडवा, नखीच्या खालची घाण उकरून काढा. नखीच्या टोकाला टवका उडालेला दिसला तर सुटा भाग बदलावा लागेल.

नखी ठीक असेल तर चेंबर. काडतुसाचं तोंड जिथे संपतं त्याच्या थोडं पुढे काजळी आणि शिशाची एक कडी तयार होते. पुंगळी तिच्यात घट्ट रुतते. नुसतं चिंधी फिरवून ही कडी जात नाही, सॉल्व्हंट लावून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यावं लागतं आणि मग मापाच्या ब्राँझ ब्रशने काढावी लागते.

तिसरं कारण आहे रिकाम्या चेंबरवर केलेला ड्राय फायर, म्हणजे काडतूस न भरता नुसता ट्रिगर दाबण्याचा सराव. पिनने चेंबरच्या काठाला टोचा मारला असेल तर आत उठलेला उंचवटा पुंगळीला धरून ठेवतो. नखाने काठ चाचपून बघा. खडबडीत लागलं तर पॉलिश पेपर उचलू नका. ती जागा दुरुस्त करायचं खास हत्यार असतं आणि ते गनस्मिथकडे असतं.

अडकलेली पुंगळी चाकूने उचकू नका. बोल्ट उघडा ठेवून नळीच्या तोंडाकडून सळईने हलकेच ढकलली की येते. त्याआधी ती रिकामीच आहे ना, याची खात्री करा. समोरून जिवंत काडतुसावर सळई कधीच मारायची नाही.

न मारलेलं काडतूस बाहेर काढलं तर गोळी नळीतच राहिली आणि सगळी बारूद बोल्टमध्ये सांडली! पिस्तूल बिघडलं का?

नाही, ते चांगल्या मापाचं आहे. टार्गेट पिस्तुलाचं चेंबर इतकं तंग असतं की गोळीचं नाक नळीच्या आट्यांमध्ये (आतल्या पिळदार खाचांमध्ये) आधीच बसतं. मारायच्या आधी काडतूस ओढलं की कधीकधी पुंगळी येते, गोळी तिथेच राहते. म्हणून मारायचंच नसेल तर काडतूस भरू नका. झालंच तर नळीचं तोंड वर करून बोल्ट उघडा, म्हणजे बारूद पुंगळीतच राहील. सांडलेली असेल तर सगळी झटकून पुसून घ्या, ट्रिगरच्या यंत्रणेत एक कण गेला तरी पुढचा आठवडा वाया. नळीतल्या गोळीचं वर लिहिलंच आहे.

सर, बोल्ट शेवटचा अर्धा इंच जातच नाही. जोर लावू?

जोर लावून बोल्ट बंद करणारा माणूस नंतर तो जोर लावूनच उघडतो.

काडतूस बाहेर काढा आणि रिकामा बोल्ट बंद करून बघा. सहज गेला तर दोष काडतुसात किंवा चेंबरमध्ये. दुसऱ्या लॉटचं, दुसऱ्या कंपनीचं काडतूस लावून बघा. रिमची जाडी साधारण एक मिलिमीटर असते आणि कंपनीगणिक ती केसाएवढी बदलते. तंग पिस्तुलाला तेवढं कळतं. रिकामा बोल्टही अडत असेल तर बोल्टच्या खाचांमध्ये आणि तो जिथे कुलूप होतो तिथे घाण बघा. तिथे मात्र ग्रीसचा छोटासा ठिपका हवा असतो. बोल्टच्या आत कोरडं आणि कुलपाच्या जागी ग्रीस, लोक नेमकं उलटं करतात.

बोल्ट बंद करताच पिन आपोआप सुटते. कधीकधीच होतं, चालेल का?

चालणार नाही. ज्या दिवशी आत काडतूस असेल त्या दिवशी गोळी सुटेल. सराव तिथेच थांबवा. फ्री पिस्टलच्या ट्रिगरला कमीत कमी वजनाची अट नसते (हवेच्या पिस्तुलाला ५०० ग्रॅमची असते), म्हणून लोक तो हलका करत करत इतका हलका करतात की अडकण पिनला पकडून ठेवण्याइतकी उरतच नाही. तुम्ही स्वतः स्क्रू फिरवला असेल तर पुस्तिकेतल्या मूळ स्थितीवर परत आणा. रिकाम्या पिस्तुलात पन्नास वेळा बोल्ट जोरात बंद करून बघा. एकदाही सुटली तर पिस्तूल पेटीत आणि पेटी गनस्मिथकडे. फिरवला नसताना होत असेल तर झीज आहे, पुन्हा गनस्मिथच.

ट्रिगर कालपर्यंत मऊ होता, आज अडखळतो.

धूळ, सांडलेली बारूद, किंवा तेल शिंपडल्यामुळे चिकटलेली धूळ. ट्रिगरच्या यंत्रणेवर फवाऱ्याचं तेल मारू नका. ते सुरुवातीला मखमल वाटतं आणि महिन्याने गोंद होतं.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर आधी सेल बदला. मग सेलच्या पत्र्यांवर हिरवट बुरशी बघा आणि पेन्सिलच्या खोडरबराने घासून काढा. पावसाळ्यात पिस्तूल पंधरा दिवस पेटीत राहणार असेल तर सेल काढून ठेवा.

पिस्तूल नीट चालतं, पण ग्रुप फुटलाय. नळी गेली का?

या प्रश्नावर मी आधी उलट प्रश्न विचारतो: ग्रुप फुटलाय की सरकलाय? गोळ्या एकमेकींजवळच आहेत पण सगळ्याच डावीकडे सातच्या वर्तुळात, हा सरकलेला ग्रुप. साइट (नेम धरायची खूण) हललेली असेल, उजेड बदलला असेल किंवा तुमची पकड. आपल्याकडे उघड्या रेंजवर सकाळी आठचं आणि दुपारी बाराचं ऊन सारखं नसतं. पुढच्या साइटवर उजेड एका बाजूने पडला की डोळा तिला दुसरीकडे ढकलतो. साइटला दोन क्लिक द्या, वहीत वेळ लिहा, झालं.

गोळ्या चारी दिशांना उडत असतील तर तो फुटलेला ग्रुप. इथे शिस्त अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एकाच दिवशी लॉट बदलला, स्क्रू आवळला, नळी साफ केली आणि ग्रुप जमला, तर कशाने जमला हे कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात तोच प्रश्न घेऊन तुम्ही परत याल.

सुरुवात स्वतःपासून करा. पिस्तूल चांगल्या नेमबाजाच्या हातात द्या आणि दहा गोळ्या मारायला सांगा. किंवा वाळूच्या पिशवीवर टेकवून मारा. तिथे ग्रुप जमला तर पिस्तूल निर्दोष, आजार मनगटात आहे. जिवाला लागतं, पण खर्च वाचतो.

पिशवीवरही फुटला तर स्क्रू बघा. नळी आणि सांगाडा जोडणारे, साइटचे आणि मुठीचे. लाकडी मूठ हा नाशिकमधला खास विषय आहे. जुलै-ऑगस्टच्या ओलाव्यात अक्रोडाचं लाकूड फुगतं, हाताला तंग लागतं, म्हणून माणूस ते कानशीने घासतो. मार्चपासून हवा कोरडी झाली की तेच लाकूड आकसतं, स्क्रू सैल पडतो आणि घासलेला भाग परत येत नाही. पावसाळ्यात मूठ घासू नका. मुठीचा स्क्रू मात्र दोन्ही ऋतूंच्या तोंडाशी तपासा.

त्यानंतर काडतूस. प्रत्येक नळीला एखादा लॉट मानवतो, एखादा मानवत नाही, आणि महाग डबा म्हणजे चांगला ग्रुप असं काही नसतं. तीन वेगळ्या लॉटचे दहा-दहाचे ग्रुप पिशवीवरून मारून बघा. सरावाला एक आणि सामन्याला दुसरा लॉट वापरणार असाल तर दोघांचं झिरो (गोळी मधोमध बसेल अशी साइटची जागा) वेगळं येऊ शकतं, तेही लिहून ठेवा.

शेवटी नळी. नळीच्या तोंडाच्या काठाला ओरखडा किंवा टवका असेल तर गोळी बाहेर पडताना वाकडा निरोप घेते. हे बहुतेक वेळा समोरून सळई घालून साफ करण्यामुळे होतं. पॉइंट टू टूची शिशाची गोळी मऊ आणि जेमतेम २.६ ग्रॅमची, तिच्याने नळी झिजायला फार वर्षं लागतात. 'नळी गेली' हे निदान ऐकलं की मी साफसफाईची सळई बघायला मागतो.

साफसफाई किती वेळा? कशाने?

चेंबर आणि बोल्टचं तोंड दर सरावानंतर पुसा, दोन मिनिटांचं काम आहे. पूर्ण नळी काही शे गोळ्यांनंतर. रोज नळी घासणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की धुतलेल्या नळीचा ग्रुप लगेच बसत नाही, पाच-दहा गोळ्यांनी मेणाचा थर पुन्हा चढला की बसतो. सामन्याच्या आदल्या रात्री नळी चकाचक करून जाणं म्हणजे परीक्षेला नवा पेन घेऊन जाणं.

सळई एकसंध आणि कोट केलेली हवी, तीन तुकड्यांची जोडायची नको. बोल्ट काढून मागून पुढे ढकलायची, चिंधी तोंडातून बाहेर पडली की काढून घ्यायची. नळी पुसायच्या फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्या मिळाल्या तर उत्तम.

आणि हात साबणाने धुवा. काजळीत शिसं असतं. त्याच हाताने रेंजबाहेर मिसळपाव खाणाऱ्यांना मी उठवून नळावर पाठवतो.

पावसाळ्यात गंज येतो. पेटीत कापूर ठेवला तर?

कापूर देवघरात ठेवा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की त्या वाळवा. पेटीतला फोम ओल धरतो, म्हणून पिस्तूल आठवडाभर ओल्या फोममध्ये बंद ठेवू नका. घामाचा हात जिथे लागतो तिथे, म्हणजे बोल्टची मूठ आणि साइटजवळचं लोखंड, तेलाच्या फडक्याने पुसा. फडक्याने, बाटलीने नाही.

मुंबईला वरळीच्या रेंजवर किंवा पुण्याला बालेवाडीला सामन्याला जाताना एसी गाडीतून थंड पिस्तूल दमट हवेत काढलं की त्यावर दव धरतं. पेटी बंदच ठेवून अर्धा तास तिथल्या हवेला येऊ द्या, मग उघडा.

घरी ड्राय फायर करू शकतो का?

पिस्तुलात ड्राय फायरची सोय असेल तर तीच वापरा. नसेल तर स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं खोटं काडतूस. तीही नसेल तर मारलेली रिकामी पुंगळी चालते, दर वेळी थोडी फिरवून, म्हणजे पिन तिच्या नव्या जागी बसेल. रिकाम्या चेंबरवर नाही, कारण वर सांगितलं.

पिन मोडली आहे. अंबडला ओळखीचे लेथवाले आहेत, मायक्रॉनमध्ये काम करतात. बनवून घेऊ का?

सातपूर-अंबडच्या कारागिरांच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे. पिन ते कंपनीपेक्षा सुबक करून देतील. तरीही नको. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्र बनवायला आणि दुरुस्त करायला वेगळा परवाना लागतो, आणि कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रच. तुमच्याकडे पिस्तूल बाळगायचा परवाना आहे म्हणून लेथवाल्याला पिन बनवायची मुभा मिळत नाही. उपकार करायला गेलेला मित्र गुन्ह्यात अडकेल.

शिवाय पिन थोडी लांब झाली तर रिम फोडते, थोडी कठीण झाली तर चेंबरचा काठ खाते. सुटा भाग कंपनीचा, बसवणारा परवानाधारक गनस्मिथ. वेळ लागतो, पैसे लागतात. तोवर हवेच्या पिस्तुलावर हात गरम ठेवा.

सामना चालू असताना बिघाड झाला तर?

हात वर करा, रेंज ऑफिसरला बोलवा, त्याच्या परवानगीशिवाय पिस्तूल लाइनवरून हलवू नका. दुरुस्त करता येतं, दुसरं पिस्तूलही घेता येतं, पण ते तपासणी होऊन आलेलं हवं. घड्याळ तुमच्यासाठी आपोआप थांबत नाही, वेळ मागावी लागते आणि दोष तुमचा नसेल तरच मिळण्याची आशा. साठ गोळ्यांना दीड तास असतो, घाबरून पुढच्या पाच गोळ्या उधळण्यापेक्षा पाच मिनिटं गेलेली परवडतात.

माझा मुलगा हवेचं पिस्तूल वापरतो. यातलं त्याला काय लागू?

नळी, साइट, मूठ आणि 'एका वेळी एकच गोष्ट' हे सगळं. पिन-पुंगळीचं काही नाही. त्याऐवजी सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात, त्यानंतर तो वापरायचा नाही, दिसायला कितीही नवा असो. हवा गळत असेल तर जोडाची रबरी कडी तपासा. मुलाला नेमबाजीच सोडायची असं वाटत असेल तर आधी तीच तपासा. रोज पाच गोळ्या खाली जातायत म्हणून रडणाऱ्या एका पोरीच्या पिस्तुलाची फक्त कडी फाटलेली होती. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे नाशिकमध्येच रायफल शिकला आणि २०२४ ला पॅरिसहून कांस्य घेऊन आला, त्याच्याही सरावात कड्या फाटल्याच असतील.

गनस्मिथकडे पाठवताना सोबत काय द्यायचं?

'नीट चालत नाही' एवढंच सांगू नका. तो काडतूस लावणार, दहा मारणार, दहाही सुटणार, आणि तुम्हाला 'काही नाही' म्हणून परत देणार. एका पाकिटात न सुटलेल्या काडतुसांच्या रिमचे जवळून घेतलेले फोटो, पाच नीट सुटलेल्या पुंगळ्या आणि फुटलेल्या ग्रुपचा कागद ठेवा. काडतुसाचा लॉट, बिघाड कितव्या गोळीला येतो, थंडीत येतो की उन्हात, शेवटी काय उघडलं होतं आणि कोणता स्क्रू कुठवर फिरवला, हे अर्ध्या पानावर लिहा. स्वतः स्क्रू फिरवल्याचं लपवू नका, त्याला ते दिसतंच.

मूळ परवाना सोबत न्या, पिस्तूल दिल्याची पोच घ्या. आणि निघण्याआधी पेटीचे सगळे कप्पे उलटे करून झटका. फोमच्या फटीत एखादं जिवंत काडतूस हमखास सापडतं.